आवाज आधी, यंत्र नंतर



या सदरात आपण मुदत ठेवी, वारसनोंद, विमा, लॉकरचे नियम अशाच विषयांवर बोलत आलो आहोत. या महिन्यात मात्र असे एक पत्र आले, की ते चुकीच्या खिडकीवर आले असावे असे क्षणभर वाटले. आपल्या घाटकोपरच्या महात्मा गांधी रस्त्यावर कापडाचा व्यापार करणारे हे गृहस्थ लिहितात, की त्यांचा मुलगा गाणे शिकतो आणि त्याला घरातच ध्वनिमुद्रणाची सोय हवी आहे. एका दुकानदाराने १ लाख ४६ हजारांचे दरपत्रक दिले आहे. त्यात आठ माइक जोडता येतील असा ऑडिओ इंटरफेस, एक महागडा कंडेन्सर माइक, भिंतींना लावायचा फोम आणि स्पीकरची जोडी आहे. शेवटी प्रश्न असा : ‘ही हौस समजावी की भांडवली खर्च?’

एरवी ‘विषय आमच्या शाखेचा नाही’ असे उत्तर देऊन मी मोकळा झालो असतो. पण गेल्या वर्षी हीच खरेदी मी स्वतः केली, आणि पहिल्या खेपेस सपशेल चुकलो. म्हणून लिहितो.

प्रथम ही वस्तू काय आहे ते पाहू. माइक आवाजाचे विजेत रूपांतर करतो. पण ती वीज इतकी क्षीण असते, की संगणकाला तिचा थांगपत्ता लागू नये. इंटरफेस तिला आधी बळ देतो, मग तिचे मोजमाप करून आकडे संगणकाला देतो आणि उलट दिशेने संगणकातील आकड्यांचा आवाज करून हेडफोनमध्ये सोडतो. बँकेतील रोखपालाची खिडकी डोळ्यांपुढे आणावी. बाहेरची रोकड आत येताना मोजली जाते, नोंदली जाते. आणि रोखपालाने मोजण्यात चूक केली तर आतील खातेवही कितीही सुबक असली तरी उपयोग शून्य.

हे मोजमाप सेकंदाला हजारो वेळा चालते. १९८२ साली कॉम्पॅक्ट डिस्क बाजारात आली तेव्हा हा वेग सेकंदाला ४४,१०० ठरला. माणसाचा कान फार तर २०,००० हर्ट्झपर्यंतचा स्वर ऐकतो, आणि मोजणी त्याच्या दुपटीहून थोडी अधिक असली की पुरते. आज ४८,००० हा वेग आणि २४ बिटांची अचूकता साध्या इंटरफेसमध्येही मिळते. दरपत्रकात ‘१९२ किलोहर्ट्झ’ असे ठळक छापलेले असेल तर त्यासाठी एक रुपयाही जास्त देऊ नये. दोन माइकांचे तासाभराचे मुद्रण ४८,०००ला सुमारे १ जीबी जागा घेते, १,९२,०००ला चार जीबीहून अधिक. कानाला न कळणाऱ्या गोष्टीसाठी चौपट गोदामभाडे कोण भरील?

आता माझी गोष्ट. आमचे मूळ गाव वारणाकाठचे. थोरली बहीण, म्हणजे अक्का, वय ७८, आमच्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहते. गावात पिठाची गिरणी येण्यापूर्वी घरातील दळण जात्यावर होई, आणि अक्का अगदी लहानपणापासून आमच्या काकूंसमोर जात्याला बसे. त्या दोघींना ओव्या किती येत असत हे कोणी मोजले नाही. तीन वर्षांपूर्वी घरातील एका लग्नात हळदीचे जाते मांडले, तेव्हा दोघींनी मिळून अर्धा तास ओव्या म्हटल्या. नातवाने ते मोबाइलवर टिपले. त्यानंतर दोन महिन्यांनी काकू गेल्या, वयाच्या ८६व्या वर्षी.

वर्षश्राद्ध वगैरे आपल्यात नाही. पण त्या दिवशी सगळे जमले होते म्हणून ते मुद्रण लावले. अक्काचा आवाज होता. काकूंचा जवळपास नव्हता. दोष मोबाइलचा म्हणता येणार नाही. तो बोलणे टिपण्यासाठी बनवलेला आहे. जो आवाज मोठा तो पुढे आणायचा आणि जो हळू, एकसुरी, लांबणारा, तो पंख्याच्या घरघरीसारखा समजून दाबायचा, असे काम त्याच्यातील प्रणाली आपोआप करते. काकूंचा आवाज हळू होता, आणि ओळीच्या शेवटी त्या स्वर लांबवीत. यंत्राने त्यांना घरघर समजून पुसले. शिवाय मधूनमधून कुकरच्या शिट्ट्या.

अक्का काही बोलली नाही. रात्री जेवताना म्हणाली, “माझंही असंच होणार का रे?”

दुसऱ्या दिवसापासून मी कामाला लागलो, म्हणजे वाचू लागलो. वाचता वाचता पुण्यातील एका कामाची ओळख झाली. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी खेड्यापाड्यांतील स्त्रियांकडून एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या जमवल्या. पुढे बर्नार बेल हे फ्रेंच संगीत-अभ्यासक त्यांना येऊन मिळाले आणि सुमारे १२० तासांचे ध्वनिमुद्रण झाले. २०१७ पासून ‘पारी’ हे ग्रामीण भारताचे संग्रहालय त्या ओव्या प्रसिद्ध करीत आहे. एक लाखाहून अधिक ओव्या आणि आवाज १२० तास, हे गुणोत्तर माझ्या मनातून जाईना. शब्द वहीत उतरतात. पण ओळ कुठे मोडते, श्वास कुठे घेतला जातो आणि समोरची बाई नेमकी कोणत्या क्षणी उचलते, हे वहीत मावत नाही.

एवढे वाचूनही मी पहिली खरेदी केली ती लोभाने. दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरलो आणि लॅमिंग्टन रोडच्या बाजारात एक छोटा, एका माइकचा इंटरफेस घेतला. गाणारी एकटी अक्का, मग एकच माइक लागणार, असा माझा हिशेब. दुकानदार म्हणाला, “पक्के बिल हवे तर १८ टक्के वर पडतील.” ज्या माणसाने उभ्या आयुष्यात कच्च्या बिलावर कोणाचे कर्ज मंजूर केले नाही, तो चतकोर कागदाची चिठ्ठी खिशात घालून घरी आला. तीन आठवड्यांत यंत्राची एक बाजू मुकी झाली. कंपनीच्या अधिकृत सेवाकेंद्राने क्रमांक पाहिला आणि सांगितले, की ही वस्तू त्यांच्यामार्फत भारतात आलेलीच नाही, सबब वॉरंटी नाही.

पण खरी चूक ती नव्हतीच. यंत्र चालू होते त्या तीन आठवड्यांत आम्ही अक्काला दोनदा माइकसमोर बसवले होते. ती दोन ओव्या म्हणे आणि थांबे. “पुढचं आठवत नाही.” आम्हाला वाटले, वय झाले. सूनबाईंच्या लक्षात आले ते वेगळेच. जात्याला दोघी बसत. एक ओळ एकीची, पुढची दुसरीची. आणि समोरची म्हणत असते तेवढ्या वेळात हिला पुढची ओवी सुचते. समोर कोणी नसेल तर ओवी सुचायचीच नाही. म्हणजे मुद्रण एका आवाजाचे नव्हते, दोन आवाजांचे होते, आणि मी एका माइकचे यंत्र घेऊन बसलो होतो.

त्यानंतर माझ्यातील अधिकारी जागा झाला. तक्ते केले, एकवीस यंत्रांची तुलना केली. कर्जप्रस्तावाला शोभेल अशी टिपणी तयार झाली, आणि त्यात नोव्हेंबर ते फेब्रुवारी गेले. त्या हिवाळ्यात अक्काला खोकल्याने धरले. पूर्वी ती पूर्ण ओळ एका श्वासात म्हणे. मार्चमध्ये बसलो तेव्हा ओळ मध्येच तुटू लागली होती. त्या चार महिन्यांचा हिशेब कोणत्याही तक्त्यात बसत नाही.

असो. त्या टिपणीतून जे कामाचे निघाले तेवढे सांगतो.

सुरुवात खोलीपासून करावी. घाटकोपरमध्ये राहणाऱ्याला आवाजाची व्याख्या सांगायला नको. सांताक्रुझच्या धावपट्टीकडे पूर्वेकडून उतरणारी विमाने आपल्या डोक्यावरून जातात. खाली लोकल, मेट्रो, फेरीवाले. आणि आमच्या पंतनगरात पुनर्विकासाचे ब्रेकर. मी आठवडाभर वहीत नोंद ठेवली. दुपारी दोन ते चार बांधकामावरचे मजूर जेवून विसावतात, फेरीवाले उन्हामुळे नसतात. राहतात ती विमाने. फ्रिज, पंखा, पाणी शुद्ध करण्याचे यंत्र बंद करता येते. विमान बंद करता येत नाही.

दरपत्रकातील फोम या कामाचा नाही, हे आवर्जून सांगतो. फोम खोलीतील घुमारा थोडा शोषतो, बाहेरचा गोंगाट अडवीत नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घुमाऱ्यावर उपाय म्हणाल तर जाड गोधड्या, गाद्या, उघडे ठेवलेले कपड्यांचे कपाट हे फोमहून चांगले काम करतात. आणि पत्रलेखक तर कापडाचे व्यापारी! त्यांच्या गोदामात छतापर्यंत तागे रचलेले असतील. तेथे मध्यभागी उभे राहून एकदा टाळी वाजवून पाहावी. घरी वाजवलेली टाळी भिंतींवरून परत येते, तेथे ती जागच्या जागी विरून जाईल. मुलाला रविवारी दुकान बंद असताना तेथेच बसू द्यावे.

खोलीवरून माइक ठरतो. शांत, बांधीव स्टुडिओत कंडेन्सर माइक उत्तम. तो बारीकसारीक सारे टिपतो. आमच्या खोलीत त्याच गुणाचा दोष होतो. त्याउलट डायनॅमिक माइक, जो सभेत वक्त्यांच्या हातात दिसतो तो, तोंडाच्या अगदी जवळ धरता येतो. हा माइक विमान ‘ऐकतच नाही’ असे विक्रेते सांगतात, ते खरे नाही. खरे कारण अंतराचे आहे. तोंड आणि माइक यांतील अंतर निम्मे केले की आवाज ६ डेसिबलने वाढतो, बाहेरचा गोंगाट आहे तेवढाच राहतो. दोन फुटांवरून अर्ध्या फुटावर आलो की १२ डेसिबल पदरात पडले, तेही फुकट. विजेचे माइक येण्यापूर्वी, म्हणजे १९२५च्या आधी, ग्रामोफोनचे गायक कर्ण्यात जवळजवळ तोंड घालून गात. त्यांना हा धडा कोणी समजावून सांगावा लागला नसेल.

आणि माइकवरून इंटरफेस ठरतो. डायनॅमिक माइकची वीज कंडेन्सरहून बरीच क्षीण असते, आणि अक्काचा आवाज तर मुळातच हळू. त्यामुळे इंटरफेसमध्ये भरपूर बळ, म्हणजे गेन, हवा. आणि ते वाढवताना त्याची स्वतःची खरखर वाढू नये. हा आकडा खोक्यावर ठळक छापलेला नसतो, माहितीपत्रकात शोधावा लागतो. अमेरिकेतील शुअर कंपनी आपल्या एसएम-७बी या माइकसाठी किमान ६० डेसिबल गेन हवा असे सांगते. फोकसराइटच्या स्कार्लेट टू-आय-टू या खूप खपणाऱ्या यंत्राच्या तिसऱ्या पिढीत गेन होता ५६ डेसिबल. चौथ्या पिढीत, २०२३ साली, तो ६९ झाला. नाव तेच, रूप जवळपास तेच. दुकानदार ‘जुना साठा, स्वस्तात देतो’ म्हणत असेल तर तो नेमके काय स्वस्तात देत आहे हे विचारावे. मोठ्या आवाजात गाणाऱ्या तरुणाला ५६ पुरतील. अक्काला पुरले नसते.

माइकची तोंडे किती हवीत, हे एकाच वेळी किती आवाज टिपायचे यावर ठरते. पत्रलेखकांचा मुलगा गातो, कधी तबलजी येईल. तंबोऱ्याचे यंत्र तिसरे धरले तरी आठ तोंडांचे काय करणार? ज्या शाखेत तीन कर्मचारी आहेत तेथे आठ खिडक्या बांधल्यासारखे आहे ते. त्यांच्यासाठी दोन, फार तर चार. फक्त एवढे पाहावे, की ती तोंडे खरोखर माइकचीच आहेत. ‘चार इनपुट’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पुष्कळ यंत्रांत माइकची तोंडे दोनच असतात, बाकीची की-बोर्डसारख्या वाद्यांची. तसेच पुढेमागे कंडेन्सर घ्यायचा झाला तर त्याला तारेतून ४८ व्होल्टचा पुरवठा लागतो. फँटम पॉवर नावाचे ते बटण आहे ना, ते बघून घ्यावे.

अक्काला न लागणारी, पण त्या मुलाला लागणारी एक गोष्ट राहिली. तो हेडफोनमध्ये तंबोरा ऐकत गाईल. त्याचा स्वतःचा आवाज संगणकात जाऊन परत येईपर्यंत सेकंदाचा शंभरावा भाग किंवा अधिक वेळ जातो, आणि तेवढा उशीरही गाणाऱ्याला खटकतो. उपाय म्हणजे डायरेक्ट मॉनिटर : आवाज संगणकाला वळसा न घालता थेट कानात. ही सोय आजकाल साध्या यंत्रांतही असते, पण विचारून घ्यावी. आणि विंडोजवर चालणारा संगणक असेल तर कंपनीचा स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर आहे ना, तो अजून अद्ययावत होतो ना, हे पाहावे. पूर्वीचे फायरवायरवर चालणारे उत्तम इंटरफेस आज अनेकांच्या माळ्यावर पडून आहेत. यंत्र धडधाकट, पण नव्या संगणकांना ते जोडायचे तोंडच उरले नाही.

मी शेवटी चौथ्या पिढीची टू-आय-टू घेतली, आणि सोबत शुअरचे एसएम-५८ हे दोन माइक. १९६६ पासून बनत आलेला हा माइक सहजासहजी बिघडत नाही. स्टँड, तारा, हेडफोन धरून सारे पन्नास हजारांच्या आत बसले. या वेळी पक्के बिल घेतले, १८ टक्के जीएसटीसह, आणि यंत्राचा क्रमांक बिलावर लिहून घेतला. व्यापारी वाचकांसाठी एक शब्द : मुलाच्या हौसेचे बिल दुकानाच्या नावावर करून त्या कराचे क्रेडिट घेऊ नये. ते फक्त धंद्यासाठी केलेल्या खरेदीवर मिळते. उद्या तो पैसे घेऊन इतरांचे मुद्रण करू लागला, तर तेव्हाची गोष्ट वेगळी.

मार्चमधील एका दुपारी बसलो. अक्का आणि सूनबाई समोरासमोर, प्रत्येकीच्या माइकची पाठ दुसरीकडे, म्हणजे एकीचा आवाज दुसरीच्या माइकमध्ये कमी शिरतो. सूनबाईंचे माहेर मुलुंडचे; जाते त्यांनी हळदीपुरतेच पाहिलेले. महिनाभर त्या संध्याकाळी अक्काकडे जाऊन ओळी पाठ करीत होत्या. मधे हळदीचे छोटे जाते ठेवले होते. पहिल्याच फेरीला हेडफोनमध्ये असा गडगडाट आला, की नातू दचकला. जाते टेबलावर, स्टँडही टेबलावर. दगडाची थरथर लाकडातून थेट माइकमध्ये. स्टँड जमिनीवर घेतले, जात्याखाली चौपदरी गोधडी घातली, तेव्हा जात्याची घरघर उरली ती हवी तेवढीच.

विमानांचा प्रश्न अक्कानेच सोडवला. ओवी म्हणजे दोन ओळी. म्हणायला अर्धे मिनिट पुरते. विमानाची चाहूल लागली की ती हात वर करी, दोघी थांबत, जातेही थांबे. विमान गेले की जिथे थांबल्या होत्या तिथून उचलत. दोन विमानांमध्ये कधी दोन ओव्या बसत, कधी तीन. त्या दुपारी ४१ झाल्या. जेथे अक्काचा श्वास तुटतो तेथे तो तुटलेलाच ठेवला आहे. नातू म्हणाला, संगणकावर जोडून सलग करता येईल. अक्काने नको म्हटले.

मूळ मुद्रणाच्या तीन प्रती ठेवल्या आहेत : एक संगणकात, एक इंटरनेटवरील साठ्यात आणि एक हार्ड डिस्कवर लॉकरमध्ये. लॉकरच्या प्रतीची तपासणी दर सहा महिन्यांनी करतो. न वाचलेली हार्ड डिस्क आणि न पाहिलेली पावती, दोन्ही नेमक्या गरजेच्या वेळी दगा देतात.

तेव्हा पत्रलेखकांनी दरपत्रकातून आठ माइकांचे यंत्र खोडून दोनाचे लिहावे, कंडेन्सरऐवजी डायनॅमिक माइक घ्यावा, फोम काढून टाकावा. स्पीकर वर्षभर थांबू शकतात, तोवर चांगला हेडफोन पुरेल. माझ्या अंदाजाने रक्कम पंचेचाळीस हजारांच्या खाली येईल. हौस की भांडवल, याचे उत्तर मुलगा गोदामात किती रविवार बसतो त्यावरून त्यांचे त्यांनाच कळेल.

आमची पुढची बैठक येत्या रविवारी दुपारी दोनला आहे, अक्काचा खोकला बरा असला तर. सूनबाईंच्या माइकची तार थोडी करकरते, ती तोवर बदलायची आहे.